पोरीचं ॲडमिशन आणि माझी वही

बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मी तेवीस वर्षं दिवाणजी आहे. तूर, उडीद, ज्वारी, सोयाबीन. आवक किती आली, काट्यावर किती भरलं, शेतकऱ्याची पट्टी किती झाली, हमाली-तोलाई किती, कुणाची उधारी किती दिवसांची, हे लिहिणं म्हणजेच माझी नोकरी. त्यामुळे लेकीच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनची गडबड सुरू झाली, तेव्हा मी पहिलं काम केलं ते म्हणजे दोनशे पानी वही आणली. तारीख, काम, खर्च, शेरा असे चार रकाने आखले. बायको म्हणाली, "लग्नाचा खर्च लिहायला घेतल्यासारखं काय करताय?"

आता पोरगी सांगलीला हॉस्टेलवर आहे आणि वही माझ्याकडे. गल्लीतल्या दोन घरांतली पोरं यंदा बारावीला आहेत, त्यांचे वडील वही मागून गेले. पण माझं अक्षर मलाच लागतं, दुसऱ्याला लागत नाही. म्हणून इथे नीट उतरवून काढतो. हे सगळं २०२५ च्या प्रवेशाचं आहे. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, तेव्हा सीईटी सेलच्या, म्हणजे ही प्रवेश परीक्षा आणि प्रवेश बघणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवरची त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचायची आणि माझं नंतर.

ऑगस्ट २०२४

वहीतली पहिली नोंद परीक्षेची नाही, जात पडताळणीची आहे. आम्ही ओबीसी. कॉलेजात नोटीस लागली होती की बारावी सायन्सच्या राखीव प्रवर्गातल्या मुलांनी पडताळणीचे अर्ज आत्ताच भरावेत. पोरीने घरी येऊन सांगितलं आणि मी म्हणालो, "बघू दिवाळीनंतर." दुसऱ्या दिवशी दुकानात हे सहज बोललो, तर शेजारच्या गाळ्यावरचे मुनीम पेन खाली ठेवून म्हणाले, "दिवाळीनंतर नको. माझ्या पुतण्याचं असंच झालं. मार्क होते, दाखला होता, व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, नव्हती. मुदत संपली आणि पोरगं ओपनमध्ये मोजलं गेलं." त्याच संध्याकाळी कागद काढायला बसलो.

ओबीसीसाठी पुरावा लागतो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे माझा दाखला उपयोगाचा नाही, वडिलांचा काठावरचा, खरा जोर आजोबांच्या कागदावर. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. ते वैरागच्या अलीकडच्या आमच्या मूळ गावात शाळेला गेले होते, एवढंच घरात माहीत होतं. मी एक दिवस रजा टाकून जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो.

गुरुजी तरुण होते. त्यांनी कपाटावरची पत्र्याची पेटी खाली घेतली, तीतून कापडात गुंडाळलेलं रजिस्टर काढलं. पानं चहात बुडवून वाळवल्यासारखी झालेली, कडा हाताला लागून गळत होत्या. गुरुजी पान उलटायला भीत होते, तर मी म्हणालो, "द्या इकडे, माझं आयुष्य असल्या वह्यांत गेलंय." बोटाला थुंकी न लावता, खालच्या कोपऱ्यातून तळहात सरकवून पान उचलायचं असतं. १९४६ च्या पानावर आजोबा सापडले. नाव, जात, जन्मतारीख अंदाजे, आणि शाळा सोडण्याच्या कारणात एकच शब्द: 'गैरहजर'. मी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसलो. गुरुजींना वाटलं मला अक्षर लागत नाहीये.

अडचण अशी निघाली की रजिस्टरात आजोबांचं घरात हाक मारायचं दोन अक्षरी नाव लिहिलेलं होतं आणि माझ्या वडिलांच्या दाखल्यावर तेच नाव लांबून पाच अक्षरी झालं होतं. त्यासाठी दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तुमच्याकडे असा फरक असेल तर आधीच करून जोडा. आम्ही जोडलं नव्हतं, म्हणून पडताळणी समितीकडून त्रुटीचा मेसेज आला आणि त्यात पाच आठवडे गेले.

कागद असे लागले: नमुना १६ चा अर्ज, कॉलेजच्या प्राचार्यांचं १५-अ, वंशावळीचं शपथपत्र नमुना ३, दुसरं शपथपत्र नमुना १७, पोरीचा जातीचा दाखला, माझा दाखला, वडिलांचा दाखला, आजोबांचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या त्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल. अर्ज ऑनलाइन भरून प्रिंट आणि प्रती समितीकडे द्यायच्या. सोलापूरचे चार हेलपाटे झाले. एसटी, झेरॉक्स, नोटरी, चहा-नाष्टा, दोन दिवसांचा बुडालेला पगार असं धरून वहीत ३,१४० रुपये आहेत. प्रमाणपत्र आलं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. तेव्हा पोरीची बारावीची परीक्षा सुरू झाली होती, त्यामुळे आनंद मी आणि बायकोने दोघांनीच केला.

जानेवारी ते जून २०२५

सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म तिने तिचाच भरला. राखीव प्रवर्गाला ८०० रुपये फी होती, खुल्याला १,०००. नाव दहावीच्या मार्कलिस्टवर आहे तसंच टाकायचं, आधार कार्डावर वेगळं असेल तर आधार दुरुस्त करून घ्यायचं. आमचं सुदैवाने सारखं होतं.

अभ्यासाबद्दल मी काय सांगणार? बार्शीतच एक क्लास होता, शिवाय चाचण्यांची ऑनलाइन मालिका घेतली. लातूरला पाठवायचं का, यावर घरात एक आठवडा चर्चा झाली. तिनेच नको म्हटलं. एवढंच सांगतो की ती रात्री अभ्यास करायची नाही, पहाटे चारला उठायची, आणि चारला उठणाऱ्या माणसासोबत घरातलं कुणीतरी उठावं लागतं. ते मी केलं. तिला अभ्यासात माझा काही उपयोग नव्हता, पण चहा मी बरा करतो.

परीक्षा २२ एप्रिलला, दुपारची शिफ्ट, केंद्र सोलापूर. एकूण २०० मार्क. पहिल्या दीड तासात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न, एकेक मार्काचे. पुढच्या दीड तासात मॅथ्सचे पन्नास, दोन-दोन मार्कांचे. पहिल्या भागात वेळ उरला तरी तो मॅथ्सला वापरता येत नाही, हे तिने मला चार वेळा समजावून सांगितलं होतं. चुकीला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. अकरावीचा भाग साधारण वीस टक्के, बाकी बारावी. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं. आम्ही पालक एका टपरीच्या सावलीत उभे. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पोराचा क्लास कुठला, हे विचारत होता. पाचनंतर ती बाहेर आली, पाण्याची अख्खी बाटली संपवली आणि म्हणाली, "मॅथ्स लांबलं, पप्पा." मी पुढचं विचारलं नाही. उसाचा रस प्यालो आणि एसटी धरली.

बारावीचा निकाल ५ मेला आणि सीईटीचा १६ जूनला लागला. तिला ९८.२१ पर्सेंटाइल, त्यापुढे अजून पाच आकडे. गल्लीत बातमी पसरली की पोरीला ९८ टक्के पडले. एकाने पेढेही आणले. मी कुणाला दुरुस्त केलं नाही, पण तुमच्यासाठी सांगतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातली किती पोरं आपल्या मागे आहेत तो आकडा. पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, गटाला चार लाखांवर मुलं बसली होती. म्हणजे एका पर्सेंटाइलच्या फटीत चार हजार पोरं मावतात. आमच्या पोरीच्या पुढे सात हजार आणि वर मुलं आहेत, असा त्या आकड्याचा अर्थ. आणि पुण्याच्या सीओईपी या नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजची कॉम्प्युटरची ओपनची जागा ९९ च्या बऱ्याच वर बंद होते, हे कळल्यावर पेढा जरा घशात अडकला.

त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. कुठल्या तरी 'ॲडमिशन मार्गदर्शन' वाल्यांना नंबर कुठून मिळतात देव जाणे. एक बाई फार गोड बोलायच्या. ९,००० रुपये भरा, पसंतीक्रमाची यादी आम्ही करून देऊ, कॉलेज पक्कं. मी वहीत '९,०००?' असं प्रश्नचिन्हासह लिहिलंही होतं. शेठना विचारलं तर ते म्हणाले, "त्यांच्या हातात जागा आहे का? नाही ना? मग दलाली कसली?" मी ती नोंद खोडली.

नॉन-क्रिमीलेअर

कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, सगळ्या कॉलेजांच्या जागा एकत्र, फेऱ्यांनी वाटतात ती. तिची नोंदणी २८ जूनला सुरू झाली. आम्ही १ जुलैला अर्ज भरला, राखीवची ८०० फी. कागद तपासायचे दोन मार्ग असतात. घरी बसून सगळं अपलोड करायचं, ते ई-स्क्रुटिनी. किंवा जवळच्या केंद्रावर मूळ कागद घेऊन जायचं. आम्ही ई-स्क्रुटिनी घेतली. ३ तारखेला अर्ज परत आला. कारण: नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न ओबीसीच्या सवलतीच्या मर्यादेत असल्याचा दाखला, ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध नाही.

मी पेटीतून काढून बघितलं. ३१ मार्च २०२५.

मार्चअखेर म्हटलं की आमच्या यार्डात मला शोधत फिरतात. कुणाची येणी, कुणाची देणी, कुणाचा परवाना, सगळ्यांना मी आठवण करतो. आणि माझ्या पोरीचा कागद त्याच तारखेला मेला होता. तीन महिने मला पत्ता नव्हता. त्या रात्री जेवण गेलं नाही.

सेतूत गेलो. तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला आधी, तो तहसीलचा. मग नॉन-क्रिमीलेअर प्रांताच्या सहीने. काउंटरवरचा पोरगा चांगला होता, सगळं लगेच भरून दिलं. पण म्हणाला, "काका, टाइम बघा की. एकादशी सहा तारखेला आहे. अर्धं ऑफिस पंढरपूरला." सोलापूर जिल्ह्यात राहून हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. आषाढीला सगळं महसूल खातं वारीच्या बंदोबस्तात असतं. विठोबाच्या वारीला माझ्या घरातून पिढ्यान् पिढ्या माणूस जातो, आणि यंदा मी त्याच वारीमुळे टेबलावर सही नाही म्हणून चडफडत होतो. एकादशीला बायकोने उपवासाची भगर पुढे ठेवली आणि म्हणाली, "त्यालाच सांगा, सही कर म्हणावं."

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. दाखला हातात नसला तर अर्ज केल्याची पावती जोडून पुढे जाता येतं, पण ठरलेल्या मुदतीत मूळ दाखला दिला नाही तर प्रवर्ग जातो आणि खुल्यात गणना होते. आम्हाला ती वेळ आली नाही. नोंदणीची मुदत वाढली, दाखला १० तारखेला मिळाला, अर्ज १२ ला कन्फर्म झाला. सरकारी फी दोन्ही दाखल्यांची मिळून किरकोळ, पण दुकान ते सेतू ते तहसील असे अकरा खेटे वहीत आहेत. अकरावीला प्रवेश घेतानाच सगळ्या दाखल्यांच्या तारखा एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. मी आता चिकटवल्यात.

सांगली

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की नाव, प्रवर्ग, मार्क, जन्मतारीख, सगळं अक्षर न् अक्षर तपासायचं. तक्रारीला मोजकेच दिवस देतात, अंतिम यादीनंतर काही हलत नाही. आमचं बरोबर होतं.

मधल्या दिवसांत मी पोरीला म्हणालो, कागदावर बघून कॉलेज ठरवायचं नाही, एखादं डोळ्यांनी बघू. पुणे तिने बहिणीकडे राहून बघितलं होतं. राहिलं सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज, १९४७ सालचं. बार्शीवरून सांगलीला जायचं तर आमची लाइन आहेच, लातूर–मिरज. ही पूर्वीची बार्शी लाइट रेल्वे, नॅरोगेज. लहानपणी मी वडिलांबरोबर त्या गाडीने पंढरपूरला गेलोय. चढावर गाडी इतकी हळू व्हायची की पोरं उतरून बाजूने चालायची, असं वडील सांगायचे. आता रुळ मोठे झालेत, गाडी धावते, पण वार बघून निघावं लागतं. कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज. खिडकीशी बसून ती कसला तरी कोडिंगचा व्हिडिओ बघत होती आणि मी तिला दाखवत होतो की बघ, हे आपल्या बार्शीच्या नावाने ओळखलं जायचं.

विश्रामबागेत कॉलेजच्या बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली भेटल्या. पोरीने त्यांना विचारलं, लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते, मेसमध्ये पाणी कसं आहे, कंपन्या येतात का. मी विचारलं, घरी किती दिवसांनी जाता? एक हसली आणि म्हणाली, "काका, पहिल्या महिन्यात दर शनिवारी. नंतर दिवाळीलाच." पोरीने माझ्याकडे बघितलं नाही.

पसंतीक्रम

आता खरी गोष्ट. परीक्षेपेक्षा जास्त मी या कामाला घाबरलो होतो आणि चूकही इथेच करणार होतो.

आधी ते कोड. कटऑफच्या याद्यांत रकान्यांवर जीओपनएस, एलओबीसीएच, जीओबीसीओ असली अक्षरं असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एस म्हणजे राज्यस्तर, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याबाहेरचे. विद्यापीठाला संलग्न कॉलेजात सत्तर टक्के जागा त्याच विद्यापीठाच्या भागातल्या मुलांना असतात. आमची होम युनिव्हर्सिटी सोलापूर. म्हणजे पुण्यातल्या अशा कॉलेजचा एच रकाना बघून आम्ही खूश व्हायचं कारण नाही, आमचा रकाना ओ. मी दोन दिवस चुकीचा रकाना वाचत होतो. स्वायत्त कॉलेजात मात्र जागा राज्यस्तरावर भरतात, तिथे ही भानगड नाही. मुलींनी एल आणि जी दोन्ही बघायचे, कारण मुलींना दोन्हीकडून जागा मिळू शकते.

मी गेल्या वर्षीच्या चारही याद्या... माफ करा, २०२४ ला फेऱ्या तीनच होत्या, २०२५ ला चार झाल्या. तर तीन फेऱ्यांचे आकडे काढून, वहीत आडवे-उभे रकाने पाडून, ९८.२१ ला जे नक्की मिळेल ते सगळ्यात वर लिहिलं. त्याखाली जे कदाचित मिळेल ते. आणि सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय वगैरे वरची कॉलेजं मुळातच लिहिली नाहीत. मिळणार नाही ते लिहून जागा कशाला अडवायची? एकोणतीस नावांची यादी रात्री तिच्यासमोर ठेवली. हिशोब म्हणून सुंदर होती.

तिने वाचली आणि म्हणाली, "पप्पा, हे उलटं आहे."

मी जरा चिडलोच. तिने वहीचं कोरं पान काढून समजावलं. २०२५ चा नियम असा: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर जागा आपोआप फ्रीझ. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनातलं मिळालं तर फ्रीझ. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातलं. फ्रीझ म्हणजे तिथेच थांबायचं, पुढच्या फेरीला जाता येत नाही. "तुम्ही नक्की मिळणारं पहिल्या नंबरवर टाकलंय. ते पहिल्याच दिवशी मिळेल आणि मी तिथेच अडकेन. वरचं मला मिळणार होतं की नव्हतं, ते कधी कळणारच नाही."

"पण खाली लिहिलं तर ज्यांनी वर लिहिलंय त्यांना आधी नाही का देणार?"

हा माझा खरा संशय होता आणि मला वाटतं, निम्म्या आईवडिलांचा असतो. ती म्हणाली, नाही. मशीन आधी मुलांचा गुणवत्ता क्रमांक बघतं. माझा नंबर आला की माझ्या यादीत वरून खाली येतं. पहिलं शिल्लक नाही? दुसरं. तेही नाही? तिसरं. नववं मी नवव्या नंबरवर लिहिलं म्हणून माझ्या मागच्या पोराला ते माझ्याआधी मिळत नाही. वर न मिळणारी दहा नावं लिहिली तरी खालच्या जागेला धक्का लागत नाही.

मी गप्प बसलो. मग ती म्हणाली, "शेतकरी माल घेऊन आल्यावर पहिला भाव पडता सांगतो का?"

यावर दिवाणजीकडे उत्तर नव्हतं. यादी तिने लिहिली. हवं ते वर, चालेल ते मधे, नाइलाजाचं खाली. माझे रकाने एवढ्याच कामाला आले की तळाला पुरेशी खात्रीची नावं आहेत ना, ते बघायला. तेही लागतं, नाहीतर पोरगं फेरीबाहेर बसतं. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, आम्ही एक्केचाळीस भरले. सहा नावं इथे देतो, कारण पुढे लागणार आहेत: सीओईपी कॉम्प्युटर, व्हीजेटीआय कॉम्प्युटर, व्हीजेटीआय आयटी, पुण्याच्या पीआयसीटीचं कॉम्प्युटर, वालचंदचं कॉम्प्युटर, वालचंदचं आयटी.

यादी कन्फर्म करायला ओटीपी येतो. तो मोबाइल कुणाचा आहे हे आधी ठरवा. आमचा माझ्याकडे होता, मी काट्याजवळ होतो आणि ती घरून फोनवर फोन करत होती.

चार फेऱ्यांमधल्या तीन

३१ जुलैला पहिली फेरी लागली. नववा पर्याय. पुण्याचं एक खाजगी कॉलेज, कॉम्प्युटर. तिने १,००० रुपये जागा स्वीकारायची फी भरली आणि बेटरमेंट निवडलं. म्हणजे हातातली जागा राहते, वरचं मिळालं तर ती सुटते. हे पैसे भरायचे विसरू नका. मुदतीत जागा स्वीकारली नाही तर ती गेली.

दुसऱ्या फेरीत तीच यादी पुन्हा तशीच भरली. काही हललं नाही. नववा तो नववाच. इकडे तिच्या मैत्रिणी कुणी फ्रीझ करून बॅगा भरायला लागल्या होत्या. बायको म्हणायला लागली, पुण्यात बहीण आहे, तिथेच राहू दे ना. शेठसुद्धा म्हणाले, हातचं सोडू नये. पोरगी चिडचिडी झाली. एक दिवस मी दुकानातून आलो तर ती अंगणात बसून तुरीची डाळ निवडत होती. ती कधी डाळ निवडत नाही. मी शेजारी बसलो आणि आम्ही दोघांनी मिळून चार किलो निवडली. त्या डाळीत खडे फारसे नव्हतेच.

ऑगस्ट सरत आला, बाजारात गणपतीची आरास मांडायला लागले, तेव्हा तिसरी फेरी लागली. आयआयटी-एनआयटीला जाणारी मुलं एव्हाना राज्याच्या जागा सोडून गेलेली असतात, त्यामुळे या फेरीत हालचाल होते, असं ऐकलं होतं. तिने मोबाइल माझ्या हातात दिला, स्वतः बघितलं नाही. वालचंद, आयटी. मुलींच्या ओबीसी जागेवर.

मी बोटांवर मोजलं. सहावा पर्याय. पहिल्या सहातला. फ्रीझ.

तिला आनंद झाला होता, खोटं का बोलू. पण पाचवं होतं त्याच कॉलेजचं कॉम्प्युटर, आणि चौथी फेरी अजून बाकी होती, आणि तिला त्या फेरीत जाता येणार नव्हतं. एका नंबरने. ती म्हणाली, "सातव्या नंबरवर असतं तर अजून एक फेरी मिळाली असती." मग स्वतःच हसली आणि आत जाऊन आईला सांगितलं. चौथ्या फेरीची यादी लागली तेव्हा मी तिला काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही.

रिपोर्टिंग

सांगलीला आम्ही तिघं गेलो. मूळ कागदांची फाइल बायकोने मांडीवर धरली होती, पंढरपूरला गाडी थांबली तेव्हाही खाली ठेवली नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा होतो, म्हणून त्याच्या रंगीत झेरॉक्स दहा-बारा काढून ठेवा. बाकी कागदांच्या प्रतींचे चार संच. अर्जाची प्रिंट, जागावाटपाचं पत्र, जागा स्वीकारल्याची पावती, हे तीन वेगळे कागद आहेत, एक नव्हे. हजार रुपयांच्या पावतीची प्रिंट आम्ही काढलीच नव्हती. गेटसमोरच्या दुकानात दहा रुपयांत निघाली.

फीबद्दल. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधूनच झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला हे नाही. विकास शुल्क, अनामत, हॉस्टेल, मेस हे आपल्याला भरावंच लागतं. आणि माफी आपोआप होत नाही, महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर अर्ज वेगळा करायचा, तिथे बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. पोरीचं खातं होतं, जोडलेलं नव्हतं. बार्शीला परत येऊन तेही केलं.

हॉस्टेलच्या खोलीत तिची ट्रंक ठेवली. माझ्या दुकानातली जुनी ट्रंक, शेठनी दिलेली, आत अजून बारदानाचा वास. बायको चादर घालत होती. मी काय करावं हे न कळून खिडकीची कडी तपासली. पोरगी म्हणाली, "पप्पा, वही आणलीय का? लिहा. गादी ९५०."

लिहिलं. जात पडताळणीपासून गादीपर्यंत, कॉलेज-हॉस्टेलची फी सोडून, एकूण २४,३६५ रुपये. त्यातले अर्धे क्लास आणि चाचण्यांचे.

नवं नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्च २०२८ पर्यंत आहे. धाकटा आठवीत आहे. त्याला व्हॅलिडिटीसाठी त्या गावच्या शाळेत पुन्हा जावं लागणार नाही, सख्ख्या बहिणीचं प्रमाणपत्र जोडलं की काम बरंच सोपं होतं. तरी आजोबांच्या त्या पानाची एक प्रत मी जास्तीची काढून आणली आहे. ती वहीच्या शेवटच्या पानात आहे.